येसबा जळव्याचं ऑपरेशन

ओढ्याकाठच्या एका गावात येसबा नावाचा एक भोळा जळव्या होता. जळव्या म्हणजे गुऱ्हाळाच्या चुलवाणाशी बसून जाळ घालणारा माणूस. वर काहिलीत उसाचा रस उकळत असतो, खाली जळव्या चिपाडं आत सारत असतो. काहिलीपाशी उभा असलेला गुळव्या म्हणाला घाल, की घालायचं. म्हणाला थांब, की थांबायचं. ह्या कामात डोकं चालवणारा माणूस गूळ करपवतो. येसबानं चोवीस वर्षांत एकदाही गूळ करपवला नव्हता.

त्याचं सगळं असं सांगितल्याबरहुकूम चालायचं. पंचावन्नावं लागलं आणि लघवी तेवढी ऐकेनाशी झाली. थांब म्हटलं की यायची, ये म्हटलं की थांबायची. तासात चार वेळा तो चुलवाणावरनं उठायचा, उसाच्या फडात जायचा, पाच मिनिटं उभा राहायचा आणि चार थेंब टाकून परत यायचा. तोवर इकडं जाळ बसलेला असायचा. हंगाम संपला त्या दिवशी गुऱ्हाळाचे मालक रावसाहेब त्याला म्हणाले, की दिवाळीनंतर चुलवाण पेटेल तोवर हे दुरुस्त करून घे, नाहीतर मी दुसरा जळव्या बघतो.

येसबाला जाळ घालण्यापलीकडं काही येत नव्हतं. त्याच्या बायकोला, हौसाला, हे चांगलं ठाऊक होतं. तिनं त्याला धरून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी सांगितलं, की मूत्राशयाच्या खाली एक गाठ असते. ती सगळ्याच पुरुषांना असते. वय झालं की फुगते आणि वाट दाबते. किती फुगलीय ते बघायला उद्या सोनोग्राफी करू.

दुसऱ्या दिवशी हौसाला भांगलणीला जायचं होतं. येसबा एकटाच गेला. सोनोग्राफीच्या खोलीबाहेरच्या बाईनं त्याला बाटलीभर पाणी प्यायला लावलं आणि बजावलं, की कितीही लागली तरी धरून ठेवायची, आम्ही सांगेपर्यंत जायचं नाही.

येसबा म्हणाला, बरं. त्यात काय अवघड?

सोनोग्राफी झाली. पोटावरचं चिकट पुसून त्याला बाहेर पाठवलं. लघवीला जा असं काही कुणी सांगितलं नाही. येसबा दाराशी तासभर उभा राहिला. कुणी सांगेना. मग तो एसटीत चढला. बसायची सोय नव्हती म्हणून उभ्यानंच आला. खड्डा आला की डोळे मिटायचा. स्टँडपासून घरापर्यंत गुडघ्याला गुडघा लावून चालला आणि चौकट धरून दारात उभा राहिला.

दिवस मावळताना हौसा रानातनं आली.

"असं का उभं राहिलाय?"

"धरलीया."

"काय?"

"लघवी. अजून सांगितलं न्हाई त्यांनी."

हौसानं खुरपं टाकलं आणि डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांना आधी कळेचना की त्यांची परवानगी कशाला हवीय. कळल्यावर त्यांनी फोन येसबाकडं द्यायला सांगितलं. मग तिनं फोन येसबाच्या कानाला लावला आणि डॉक्टरांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं, जा. येसबा गेला. पाऊण तासानं परत आला.

हौसानं त्याला समोर बसवून समजावलं. इथनं पुढं लागली की कुणाची वाट बघायची नाही. कुणाला विचारायचं नाही. असाल तिथनं तडक जायचं.

येसबा म्हणाला, बरं. त्यात काय अवघड?

पंधरा दिवसांनी त्याच्या भाचीचं लग्न होतं. मामा म्हणून येसबाला मान मिळाला. नवरा-नवरीच्या मधल्या अंतरपाटाचं एक टोक भटजींच्या हातात, दुसरं येसबाच्या. मंगलाष्टकं सुरू झाली. पहिलं झालं. दुसरं झालं. तिसऱ्याच्या मध्यावर येसबाला लागली.

त्यानं कुणाची वाट बघितली नाही. कुणाला विचारलं नाही. टोक सोडलं आणि तडक गेला.

अंतरपाट खाली आलेला बँडवाल्यांनी बघितला. त्यांना तेवढीच खूण पुरते. त्यांनी वाजवायला सुरुवात केली. बँड वाजला म्हणून पाहुण्यांनी मुठीतल्या सगळ्या अक्षता एकदम टाकल्या. अक्षता पडल्या म्हणून नवरीनं हार घातला. हार पडला म्हणून मागच्या रांगा जेवायला पळाल्या. भटजी एका हातात अंतरपाट धरून तिसरं मंगलाष्टक म्हणतच होते. मुहूर्ताला अजून सहा मिनिटं होती. येसबा परत आला तेव्हा मांडवात भटजी एकटेच होते आणि पाचव्यापर्यंत पोचले होते.

बहिणीनं येसबाशी बोलणं सोडलं. हौसानं घरी येईपर्यंत दम धरला आणि मग सांगितलं, की जायचं तर जायचं, पण हातात असेल ते आधी दुसऱ्याच्या हातात द्यायचं. दिल्याशिवाय हलायचं नाही.

येसबा म्हणाला, बरं. त्यात काय अवघड?

पावसाळा गोळ्यांवर निघाला. दिवाळी झाली. गुऱ्हाळ पेटायला आठवडा राहिला आणि एका सकाळी येसबाची लघवी बंदच झाली. थेंबसुद्धा नाही. पोट नगाऱ्यासारखं फुगलं. तालुक्याला नेल्यावर डॉक्टरांनी नळी घातली, नळीला पिशवी जोडली आणि शुक्रवारी ऑपरेशन ठरवलं. येसबाला इतकं हलकं वाटलं की तो त्या पिशवीकडं कौतुकानं बघत बसला.

पण ऑपरेशननंतर दीड महिना जाळापुढं बसता येणार नव्हतं आणि चुलवाण तर सोमवारी पेटणार होतं. हौसा रावसाहेबांच्या पाया पडून आली. ते म्हणाले, सोमवारी पहाटे तुमच्यातला कुणीतरी चुलवाणाच्या तोंडाशी दिसला तर जागा तुमची, न्हाईतर माझा माणूस तयार आहे. हौसानं आपल्या धाकट्या भावाला, हिंदुरावला, बोलावून घेतलं. हिंदुराव धडधाकट गडी. दवाखान्यात दाजींच्या उशाशी बसायचं आणि रविवारी संध्याकाळी तिथनंच थेट गुऱ्हाळावर जायचं, असं ठरलं.

गुरुवारी गावचे सरपंच बघायला आले. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, खिशाला पेन. त्यांनी विचारपूस सुरू केली आणि येसबाला लागली. नळी असली तरी मधनं मधनं लागल्यासारखं वाटतं. सिस्टरनं हे सांगितलं होतं, पण वाटल्यावर काय करायचं ते सांगितलं नव्हतं. ते हौसानं सांगितलेलं होतं. येसबा खाटेवरनं उतरला. हातात पिशवी होती. ती त्यानं सरपंचांच्या हातात दिली.

"धरा जरा," म्हणाला आणि चालू लागला.

नळी हातभर लांब. सरपंचांना मागं जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. संडास वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये बायकांचा वॉर्ड. पुढं येसबा, मागं बारीक बारीक पावलं टाकत सरपंच. सरपंचांना बघून लोक उठून नमस्कार करू लागले. वीस वर्षांची सवय, सरपंचांचा हात वर गेला. त्याच हातात पिशवी होती. पिशवी वर गेली की पाणी उलटं फिरतं. येसबा जागच्या जागी असा काही किंचाळला की दोन बायकांनी उठून देवाचं नाव घेतलं.

सिस्टर पळत आली. तिनं पिशवी खाली घेतली, सरपंचांना हात धुवायची जागा दाखवली आणि येसबाला खाटेवर बसवून दरडावलं.

"मामा, इथं तुमच्या हातात जे दिलंय ते तुमच्याच हातात ठेवायचं. कुणालाही द्यायचं नाही. सरपंच येऊ दे नाहीतर कलेक्टर."

येसबा म्हणाला, बरं. त्यात काय अवघड?

शुक्रवारी सकाळी सिस्टरनं त्याच्या हातात त्याची फाइल दिली आणि भुलीच्या डॉक्टरांकडं पाठवलं. भुलीच्या डॉक्टरांनी हात पुढं केला. येसबानं फाइल छातीशी धरली. ते म्हणाले, द्या. येसबा म्हणाला, द्यायची न्हाई. त्यांनी विचारलं, का? येसबानं सांगितलं, कलेक्टर आला तरी द्यायची न्हाई. ते म्हणाले, निदान उघडून दाखवा, रक्तदाब किती लिहिलाय ते लांबनं वाचतो. येसबानं ती बनियनच्या आत सारली. दोन वॉर्डबॉय आणि हिंदुराव असे तिघे झटले, पण चोवीस वर्षं चिपाडाच्या मोळ्या उचललेले हात होते ते. फाइल सुटली नाही. भुलीच्या डॉक्टरांना दुसऱ्या दवाखान्यात जायचं होतं, ते गेले. शुक्रवारचं ऑपरेशन राहिलं. येसबा फाइल पोटाशी घेऊन जेवला आणि तिच्यावरच झोपला.

हौसाला हे फोनवर कळलं. ती रडली. आता शनिवार हा एकच दिवस हातात होता, कारण रविवारी दवाखान्याला सुट्टी आणि सोमवारी चुलवाण.

संध्याकाळी ऑपरेशन करणारे मोठे डॉक्टर स्वतः खाटेपाशी आले. शांत माणूस. त्यांनी येसबाच्या खांद्यावर हात ठेवला आणि एकेक शब्द सुटा सुटा करून सांगितलं, की मामा, उद्या सकाळपासून जो कोण जे काय मागेल, ते त्याला द्यायचं. लगेच द्यायचं. कशाला म्हणून विचारायचं नाही.

येसबा म्हणाला, बरं. त्यात काय अवघड?

शनिवारी पहाटे सिस्टरनं कपडे मागितले. येसबानं दिले. तिनं कमरेचा करदोटा मागितला, बोटातली तांब्याची अंगठी मागितली. त्यानं दिली. सिस्टरला इतका आनंद झाला की तिनं त्याला शहाणे मामा म्हटलं. त्याला दवाखान्याचा हिरवा झगा घातला, हातात झोपेची गोळी ठेवली आणि अर्ध्या तासानं घ्या म्हणून ती गेली.

तिकडनं हिंदुराव चहा घेऊन आला. दोन रात्री स्टुलावर काढल्यानं त्याचे डोळे मिटत होते. पेला कलंडला आणि सगळा चहा त्याच्या शर्टावर आणि विजारीवर सांडला.

"दाजी, कापडं वाळस्तवर तो झगा द्या की जरा."

येसबानं झगा काढून दिला आणि स्वतः टॉवेल गुंडाळला.

थोड्या वेळानं हिंदुराव म्हणाला, पाठ मोडलीया, पाच मिनिटं खाट द्या. येसबानं खाट दिली. आपण पिशवी घेऊन स्टुलावर बसला. मग हिंदुराव म्हणाला, डोकं ठणकतंय, ती हातातली गोळी कसली हाय, ती द्या. येसबानं गोळी दिली, वर पाण्याचा तांब्या दिला.

हिंदुराव घोरू लागला.

येसबाला बरं वाटलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच सगळं सांगितल्याबरहुकूम चाललं होतं.

मग ढकलगाडी घेऊन दोन माणसं आली. सकाळची पाळी बदललेली, दोघंही नवे, भुलीचे डॉक्टरसुद्धा आज दुसरेच. त्यांनी फाइल द्या म्हटलं. येसबानं उशाखालनं काढून दिली. त्यांनी आणखी एक गोष्ट मागितली. येसबानं तीही दिली. उलट पायाकडनं उचलू लागला, नीट गाडीवर ठेवायला मदत केली, अंगावर चादर सारखी केली. गाडी ऑपरेशनच्या खोलीकडं गेली. येसबा मागोमाग जाऊन बाहेरच्या बाकावर बसला.

नऊच्या एसटीनं हौसा आली. हातात डबा, कपाळाला देवीचा अंगारा. कोपऱ्यावरनं वळतानाच तिनं विचारलं, "झालं का ऑपरेशन?"

"चालू हाय," येसबा म्हणाला.

हौसा बरं म्हणून त्याच्या शेजारी बसली. डबा मांडीवर घेतला. मग तिनं हळूच मान वळवून नवऱ्याकडं बघितलं. टॉवेलाकडं बघितलं. पिशवीकडं बघितलं. ती काही विचारणार तेवढ्यात दार उघडलं आणि मोठे डॉक्टर तोंडावरचा मास्क खाली करत बाहेर आले. चेहऱ्यावर समाधान होतं.

"छान झालं, बाई. काळजी मिटली. फक्त एक गंमत आहे, रिपोर्टात गाठ एवढी मोठी दिसत होती आणि आत बघतो तर निम्म्यानंसुद्धा नाही. शिवाय नळी आधीच कुणीतरी काढून टाकलेली. असो. आता दीड महिना जाळापुढं बसायचं नाही, वजन उचलायचं नाही."

एवढं बोलून त्यांनी बाकाकडं बघितलं.

येसबानं पिशवी सांभाळत बसल्या बसल्या नमस्कार केला.

डॉक्टर भिंतीला टेकले. हौसाच्या मांडीवरचा डबा खाली गेला आणि घरंगळत वॉर्डापर्यंत पोचला. सोमवारच्या चुलवाणापुढं आता तिला ना नवरा दिसत होता ना भाऊ.

"अवो," ती म्हणाली, "आत कोण हाय?"

"तुझा भाऊ."

"त्यो कसा गेला आत?"

"दोघं आले. पेशंट द्या म्हणाले." येसबानं डॉक्टरांकडं बघितलं. इतक्या दिवसांनी आज तरी शाबासकी मिळेल असं त्याला वाटत होतं. "लगेच दिला. कशाला म्हणून विचारलंसुद्धा न्हाई."