नववी खिडकी

“...आणि खिडक्या बाहेरून मोजल्या तर?” सोनामायनं विचारलं.

अंबादास गुरुजी हसले. “माय, आतून आठ, तर बाहेरूनही आठच.”

माय सुपातली डाळ पाखडत राहिली.

गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. आयुष्यभर दुसऱ्यांची गणितं तपासलेली, त्यामुळे आपलंही कधी चुकेल हे त्यांच्या गावीही नव्हतं. घराच्या कुजक्या खिडक्या बदलायच्या म्हणून महिनाभर खपून त्यांनी अंदाजपत्रक केलं होतं. चौकटी, तावदानं, गज, सुताराची मजुरी, सगळं त्यात होतं, अगदी खिळ्यांसकट. टेकडीवरच्या या म्हातारीला ते गुरू मानत आणि तिला विचारल्याशिवाय नवं काम काढत नसत. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी ते आशीर्वादापेक्षा शाबासकीच घ्यायला आले होते.

“शेजारी कोण राहतं रे तुझ्या?”

“कोणी नाही.”

हे धादांत खोटं होतं. हातभर बोळापलीकडे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ राहत होता. पन्हळीचं पाणी कुणाच्या भिंतीवर पडतं यावरून अकरा वर्षांपूर्वी दोघांचं वाजलं, ते कायमचं. हल्ली तो अंथरुणाला खिळलाय, फार दिवस काढेलसं वाटत नाही, हे गुरुजींच्या कानावर आलं होतं. त्यांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

“जा. बाहेरून मोजून ये.”

गुरुजी गेले, आणि टेकडी चढून परत आले.

“आठच, माय.”

“बोळात शिरलास?”

“...नाही.”

मायनं पुन्हा सूप हाती घेतलं.

गुरुजी तणतणत उतरले. त्या बोळात अकरा वर्षं त्यांनी पाय टाकला नव्हता. अंग चोरून आत शिरले, वर पाहिलं आणि जागच्या जागी थिजले.

खिडकी होती. नववी.

घरात येऊन शोधली, तर तिथे लोखंडी कपाट. भांडणाच्या दिवशी रागाच्या भरात त्यांनीच ते तिथे ढकललं होतं. पुढे त्याच्यामागे काय आहे हे ते साफ विसरले. स्वतःच्या घराची खिडकी!

बायकोला हाताशी घेऊन त्यांनी कपाट सरकवलं. गंजलेली कडी ठोकून ठोकून उघडली.

समोरची, भावाची खिडकी सताड उघडी होती. तिची दारं भिंतीला टेकल्या टेकल्याच कुजली होती, चौकटीवर शेवाळ चढलं होतं, बिजागऱ्यांचा नुसता गंज उरला होता. अकरा पावसाळे आत घेतले होते तिनं. एकदाही कुणी ती लावली नव्हती.

खिडकीखाली खाटेवर भाऊ पडला होता. त्यानं हळूच मान वळवली.

“दादा,” तो म्हणाला, “चहा झाला का?”

गुरुजींनी नुसती मान हलवली. झालाय की नाही, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

धापा टाकत ते टेकडीवर पोचले आणि पहिल्यांदाच, चटई न मागता, मातीतच बसले.

“माय, तुम्ही माझ्या घरी कधी आला नाहीत... तुम्हाला कसं कळलं?”

माय डाळीतले खडे वेचत होती.

या म्हातारीपुढे आपण हिशेब घेऊन आलो होतो, याची गुरुजींना मनापासून लाज वाटली.

“लावलीच नाही हो त्यानं,” ते पुटपुटले. “पाऊस अंगावर येत असेल, तरी...”

मग डोळे पुसून गुरुजींनी खिशातला कागद काढला.

“पैसे आठांपुरतेच आहेत, माय. आता यादी नव्यानं करतो. पहिली कुठली लिहू?”

मायनं सूप खाली ठेवलं.

“रंगनाथाची.”

गुरुजींनी भावाचं नाव तिच्यापुढे कधीच काढलं नव्हतं. पेन धरलेला हात कागदावरच थांबला. माय त्या हाताकडे पाहत राहिली.

“लिही. पावसाला आठच दिवस राहिलेत.”