न प्यालेली कॉफी

मस्कतला अरबांना इंग्रजी शिकवणाऱ्या उपळेकर गुरुजींनी सहा वर्षे खपून ‘गेट’ (get) या एकाच इंग्रजी क्रियापदाच्या अर्थांवर पुस्तक सिद्ध केले. आश्रयदाते शेख सुहैल मात्र भर बैठकीत गरजले, “एका शब्दाचे तीस अर्थ? एकच ठेवा, उस्ताद, नाहीतर छपाई बंद!”

गुरुजींनी कॉफीचा पेला न पिताच खाली ठेवला. बैठक चपापली.

“काय मागणे आहे? सांगा आणि प्या,” पाहुण्याचे मागणे पुरवूनच त्याला कॉफी पाजायची, या अरबी रीतीप्रमाणे शेख म्हणाले.

“मी तर बोललोच नाही, शेखसाहेब! रिकामा पेला हलवला तर ‘पुरे’, भरलेला खाली ठेवला तर ‘मागणे आहे’, हे आपण वापरावरूनच ओळखता. शब्दाचेही तसेच असते.”

शेख खळखळून हसले. “आणि मागणे?”

“तीसही अर्थ छापावेत.”

“छापले! आता तरी प्या, उस्ताद. माझ्या दारी पाहुण्याची कॉफी आजवर निवलेली नाही.”