कोमट बॉनेट

गाड्या एकमेकींशी बोलायच्या, त्या काळातली गोष्ट. कराडच्या हमरस्त्यालगत दिलावरशेठ जुन्या गाड्या विकायचे. त्यांच्या आवारात एक लाल स्पोर्ट्स कार आणि एक करडी, दोन दारांची छोटी गाडी शेजारीशेजारी उभ्या असत.

रोज सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी शेठ लाल गाडी सुरू करून अर्धा तास ठेवायचे. करडीवर नुसतं फडकं फिरवायचे.

"बघ, माझे किती लाड!" लाल म्हणायची. "तुझ्याकडे कुणी ढुंकून तरी बघतं का?"

करडी मनातल्या मनात कुढायची.

एकदा मालिनीबाई आल्या. जन्मभर सरकारी दवाखान्याची जीप चालवलेली बाई. रंग पाहिला नाही, टायरला लाथ मारली नाही. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा त्यांनी लालच्या बॉनेटवर हात ठेवला.

"हिला आधीच चालू करून ठेवलंय होय, शेठ?"

"गिऱ्हाइकाचा खोळंबा नको म्हणून, बाई."

"म्हणजे गार असली की कुरकुरते."

शेठनी मान खाजवली.

बाईंनी करडीच्या बॉनेटवर हात टेकवला. रांजणासारखं गार. त्यांनी किल्ली फिरवली, तशी करडी एका झटक्यात सुरू झाली.

"मग हिला का नाही हो तापवत?"

"हिला कधी गरजच पडली नाही, बाई," शेठ बोलून गेले.

करडीनं ते ऐकलं आणि इतक्या दिवसांचा रुसवा तिथंच सोडून, नव्या मालकिणीला घेऊन मजेत गुरगुरत फाटकाबाहेर पडली.