तात्यांच्या पार्किंगचा उतार

हे मी बाहेर सांगायचं नाही, असं आईने बजावलंय, कारण यातला गवंडी तिचा चुलतभाऊ आहे. म्हणून गावाचं नाव सांगत नाही. एका गावात एक भोळा गवंडी होता, एवढंच. त्याचं नाव हरबा.

त्याच गावात रंगरावतात्यांचं मंगल कार्यालय होतं. पाऊस आला की त्याच्या पार्किंगमध्ये तळं व्हायचं. वैशाखात तात्यांच्या मुलीचं, प्रणोतीचं लग्न होतं, आणि होणारी विहीणबाई नाकावर माशी बसू न देणारी. तात्यांनी इंजिनिअर बोलावला. तो म्हणाला, "उतार रस्त्याकडच्या गटाराकडे काढा."

"मला शिकवतो?" तात्या म्हणाले आणि त्यांनी काम हरबाला दिलं. हरबा कुणाला शिकवत नसे. सांगितलेलं करत असे.

"हरबा, काचेसारखं सपाट पाहिजे!"

हरबाने काचेसारखं सपाट केलं. तात्यांनी नळीने पाणी सोडलं. पाणी जिथल्या तिथे उभं राहिलं. त्यात तात्यांचं तोंडही स्वच्छ दिसलं.

"अरे गाढवा, उतार लागतो! ओतलेलं वाहून गेलं पाहिजे!"

"हे आधी सांगायचं ना, तात्या! आता विसरत नाही."

"पार्किंग नंतर उखड. साखरपुडा तोंडावर आलाय, आधी जेवणाच्या हॉलची फरशी उरक."

हरबाने उरकली. विसरला नाही. साखरपुड्याला पंगत बसली, वाढप्याने आमटी वाढली आणि ती एका पत्रावळीवरून दुसऱ्या पत्रावळीवर वाहत निघाली. शेवटच्या पानावर विहीणबाई बसल्या होत्या. त्यांच्या नव्या साडीला अख्ख्या पंगतीची आमटी मिळाली.

"लग्नात असं काही झालं," त्या उठून म्हणाल्या, "तर वऱ्हाड परत नेईन."

तात्यांनी हरबाला मागच्या दारी ओढलं. "माणसं बसतात तिकडे काही वाहत जाता कामा नये! एक थेंबसुद्धा नाही!"

"हे आधी सांगायचं ना, तात्या!"

हात धुवायच्या नळांसमोर म्हाताऱ्यांसाठी बाक होता. हरबाने लगेच सगळ्या नळांची तोंडं सिमेंटने बुजवली. पाहुण्यांनी हात पडद्यांना पुसले.

तात्यांनी कपाळ बडवलं. "अरे, पाहुण्याला पाणी द्यायचं असतं! लग्नात विहीणबाईंना चौरंगावर बसवून त्यांचे पाय धुतात. तेव्हा त्या उठून पाण्याकडे जातात का? पाणी त्यांच्याकडे आलं पाहिजे!"

"त्या बसतील तिथे?"

"तिथेच!"

"कुठे बसतील?"

"पार्किंगमधल्या कमानीखाली! अजून काय विचारायचंय?"

"काही नाही, तात्या. आता सगळं कळलं."

हरबाने पार्किंग उखडलं आणि नव्याने ब्लॉक बसवले. उतार इतका सुरेख निघाला, की शेजारच्या गावचे गवंडी बघून गेले. तात्यांनी मात्र पाणी सोडून बघितलं नाही. आपणच सांगितलेलं काम, त्यात बघायचं काय?

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड आलं. कमानीखाली चौरंगावर विहीणबाई बसल्या. तात्यांची बायको तांब्या घेऊन वाकली, आणि वळीव कोसळला. पार्किंगच्या चारी कोपऱ्यांतून पाणी निघालं ते थेट चौरंगाकडे. आधी घोटे बुडाले, मग पोटऱ्या, मग गुडघे.

"काकू, तांब्या ठेवून द्या," हरबा आनंदाने ओरडला. "सगळं आपोआप होतंय!"

विहीणबाई किंचाळल्या, "चला! वऱ्हाड परत!"

तात्या ओरडले, "हरबा, अडव! एकालाही बाहेर जाऊ देऊ नकोस!"

हरबाने उरलेले ब्लॉक आणि सिमेंटची पोती रचून फाटक छातीपर्यंत बंद केलं. वऱ्हाड बाहेर गेलं नाही. पाणीही गेलं नाही. ते हॉलमध्ये शिरलं. मंगलाष्टकं कमरेइतक्या पाण्यात झाली. भटजी टेबलावर उभे राहिले, आणि जेवणाच्या हॉलमधली भांडी वधूवरांना प्रदक्षिणा घालून गेली.

तात्या आता सगळ्यांना सांगतात, की लग्न मोडलं नाही ते हरबामुळे. तात्या आमच्या शाळेचे अध्यक्षही आहेत, म्हणून पटांगणाचं काम त्यांनी हरबालाच दिलंय. काल तो येऊन मुख्याध्यापिकाबाईंना फार नम्रपणे विचारत होता, की प्रार्थनेला मुली नेमक्या कुठे बसतात, आणि त्यांच्यातल्या सगळ्यात बुटक्या मुलीची उंची…

आले गं आई, आले!