सिदूच्या काठ्या

"मग थांबायचं कसं?"

धुळानं दुसऱ्यांदा विचारलं.

केरबा वस्ताद मांडीवर चाकांची पट्टी घेऊन फडक्यानं पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"ह्याला ब्रेक न्हाई," ते म्हणाले. "हे चढायला हाय. वर गेलं की पायातनं काढायचं, खांद्यावर टाकायचं आन् पायी उतरायचं."

"आन् कुणी चाकांवरनं उतरला तर?"

फडकं थांबलं…

कोण उतरला होता ते दोघांनाही ठाऊक होतं. मांडीवरची पट्टी त्याचीच होती. तिच्या डाव्या अंगाला वीतभर खरवडलं होतं. वस्ताद तेवढी जागा सोडून बाकीचं पुसत होते.

घाटमाथ्यावरची ती पत्र्याची शेड वस्तादांची. फौजेत असताना ते जवानांना बर्फावरची चाल शिकवायचे. सुभेदार होऊन गावी परतले, तर इथं बर्फ कुठला? पण डोंगराखालून नवा बोगदा झाला, जुना घाट ओस पडला, आणि वस्तादांना त्या मोकळ्या डांबरात बर्फ दिसायला लागला. दीड हात लांब पट्टी, पुढं एक चाक, मागं एक चाक, मधे बुटाचं टोक अडकवायची पकड. टाच मोकळी. हातात दोन काठ्या. या रोलर स्कीवर घाट चढलेली पोरं पुढं खऱ्या बर्फावर गेली की मागं राहत नसत.

त्या पोरांत सगळ्यांत तरबेज धुळाचा थोरला भाऊ, सिदू. फौजेच्या स्की संघात लागला. पहिल्या सुट्टीवर घरी आला. आणि एका सकाळी चाकांवरनं घाट उतरताना वळणावरच्या खडीवर घसरला आणि कठड्यावरनं पलीकडं गेला.

माणसं मातीला आली, रडली, आणि घरी जाताना म्हणाली, पोरगं माजलं होतं.

तो शब्द धुळाच्या छातीत काट्यासारखा मोडून बसला होता. बोलणाऱ्या एकाचं त्यानं नाक फोडलं होतं, तरी शब्द तिथंच होता. आता त्याला एकच उपाय दिसत होता. त्याच घाटातनं, त्याच स्कीवरनं, नीट खाली उतरून दाखवायचं. आईनं माळ्यावर टाकलेल्या स्की, बूट, काठ्या तो तिला चोरून घेऊन आला होता.

"मला शिकवा," एवढंच तो वस्तादांना म्हणाला होता. उतरायचं काही बोलला नव्हता. आता मात्र प्रश्नच फितूर झाला होता.

वस्तादांनी पट्टी बाजूला ठेवली. भिंतीला टेकवलेल्या करड्या जोडीकडं बोट केलं.

"ती घे. जड हाय. चाकं रुंद, मऊ. दमानं जाते."

"मला दादाचीच पायजे."

"त्याची चाकं कडक हायेत. पळत्यात."

"पळू द्यात."

"बर्फ एवढा पळत न्हाई लेका. पळणाऱ्या चाकावर माणूस खूश हुतो, पाय काय शिकत न्हाईत."

"दादा शिकला की."

"तो मऊ चाकांवर शिकला. ह्याच करड्या जोडीवर."

धुळानं सिदूच्या पट्टीवर हात ठेवला, तो काही काढला नाही.

"बूट दाव."

धुळानं पाय पुढं केला. वस्तादांनी बूट उपसला, आत बोटं घातली आणि लुगड्याची चिंधी बाहेर ओढली. एक. मग दुसरी.

"आत काय कोंबडी अंड्यावर बसवलीय का?"

धुळाचे कान तापले.

"मोठं हुतंय जरा."

"जरा? ह्यात तू आन् तुझी शेळी दोघं मावाल." वस्तादांनी फळीवरनं एक जुना, पण मापाचा जोड काढून त्याच्याकडं टाकला. "पाय बुटात हलला की पट्टी ऐकत न्हाई. हे घाल."

ते धुळानं घातले. सिदूचे बूट त्यानं उचलून छातीशी धरले, मग कुठं ठेवायचे ते न सुचून पायांशीच ठेवले.

"आता काठी घे. सरळ उभा ऱ्हा."

सिदू उंच होता. काठीचं डोकं धुळाच्या कानाला लागलं. वस्तादांनी त्याच्या खांद्याशी काठीवर खडूनं रेघ मारली, दुसऱ्या काठीवरही मारली, आणि खुंटीवरची लोखंड कापायची करवत काढली.

"कापू नका!"

धुळानं काठ्या अशा ओढल्या की टोकाचा खिळा वस्तादांच्या मनगटाला ओरबाडून गेला.

वस्तादांनी मनगटाकडं बघितलं, मग पोराकडं.

"खांद्याएवढी पायजे. लांब काठीनं खांदा धरतो."

"धरू दे."

"माझी देतो दुसरी."

"नको."

"लेका, ही काठी हाय…"

"दादाची हाय!"

शेडच्या पत्र्यावर वारा वाजत होता. वस्तादांनी करवत परत खुंटीला अडकवली. खडूच्या रेघा तशाच राहिल्या.

"बरं," ते म्हणाले. "बूट माझं. काठ्या सिदूच्या. पट्ट्या बी सिदूच्या. पर चाकं माझी."

धुळा काही बोलायच्या आत त्यांनी पाना लावून कडक चाकं सोडवायला घेतली होती. करड्या जोडीची मऊ चाकं जवळ ओढली. त्यातलं एक बोटावर धरलं.

"हे मागचं. ह्याच्यात खटका असतो. बघ." त्यांनी चाक एका बाजूला फिरवलं, ते गुळगुळीत फिरत राहिलं. दुसऱ्या बाजूला फिरवलं, ते जागच्या जागी अडलं. "पुढं जातं, मागं येत न्हाई. म्हणून चढावर पाय रेटता येतो. आन् बाजू चुकवून बसवलं तर?"

"तर काय?"

"तर मागं जाईल, पुढं अडंल. म्हणून बसवताना बघायचं. बसवल्यावर हातानं फिरवून बघायचं. दुसऱ्यानं बसवलं असलं तर जास्तच बघायचं. कळलं?"

"कळलं."

"मग बघ."

पण धुळा बघत नव्हता. शेडच्या दारातनं घाटाचा रस्ता दिसत होता. आधी थोडा सपाट, मग एकदम वाकून खाली गेलेला. ही मऊ चाकं पुरतील का? वळणाच्या आधी अंग किती तिरकं करायचं? खडी अजून असेल का तिथं? दादाला कळलं असेल का, की आता हातात काही राहिलं नाही? कळल्यावर मधे किती वेळ गेला असेल?

मागं पाना कुरकुरत होता.

वस्तादांनी एक पट्टी पकडीपाशी दोन बोटांनी धरून उचलली. तिचं शेपूट थोडं खाली झुकलं.

"असंच पायजे. टोक खाली गेलं तर पहिल्याच पावलाला रस्ता खातं." त्यांनी पट्ट्या धुळापुढं धरल्या. "बघितलंस सगळं?"

"बघितलं."

"चाकं?"

"बघितली म्हणलं की!"

वस्तादांनी पट्ट्या त्याच्या खांद्यावर ठेवल्या.

"चल मग."

"कुठं?"

"उतरायचंय न्हवं?"

नाही म्हणतील, मग आपण भांडू, मग हिसकावून पळू, असं सगळं त्यानं मनात रचून ठेवलं होतं. हो म्हणतील असं त्याला वाटलंच नव्हतं.

"आत्ता?"

"का? भटजी बोलवायचा का मुहूर्ताला?"

दोघं रस्त्यानं चालत गेले. वस्ताद पुढं, पट्ट्या खांद्यावर घेऊन धुळा मागं. उतार लागतो तिथं मैलाचा दगड आहे. वस्ताद त्यावर बसले, चंची उघडली, तळहातावर तंबाखू काढली.

धुळानं पट्ट्या रस्त्यावर मांडल्या. तोंड खालच्या बाजूला. बुटाचं टोक पकडीत घातलं. कट्. दुसरं. कट्.

"वस्ताद… काय सांगायचंय का?"

वस्ताद अंगठ्यानं तंबाखू मळत होते.

"तूच म्हणालास, बघितलंय सगळं."

रस्ता खाली वाकून वळणापर्यंत गेला होता. धुळानं वळणाकडं बघितलं नाही. त्यानं काठ्या पुढं टेकवल्या, आईचं नाव घेतलं, डोळे मिटले आणि सगळा जीव हातात आणून रेटा दिला.

कानात वारा शिरायची त्यानं वाट बघितली.

वारा आला नाही.

डोळे उघडले. मैलाचा दगड तिथंच होता. वस्ताद तिथंच होते. तोही तिथंच होता.

त्यानं परत रेटा दिला. अंग पुढं गेलं, पाय मागं राहिले. तिसऱ्यांदा त्यानं इतक्या जोरानं रेटा दिला की तो पालथा पडला. दोन्ही तळहात डांबरावर सोलवटले.

वस्ताद उठले नाहीत.

"उभा ऱ्हा."

तो कसाबसा उठला. पायाखालच्या पट्टीकडं बघितलं. मागच्या चाकाकडं बघितलं. आणि त्याच्या ध्यानात आलं.

"उलटी बसवलीत तुम्ही."

"तू बघत हुतास की."

"…सुलटी असती तर?"

वस्तादांचा तंबाखूवरचा अंगठा थांबला.

धुळाला एकदम घाम फुटला. रेटा दिला तेव्हा फुटला नव्हता तो. उतार तोच होता, पण पट्ट्या तसूभर हलत नव्हत्या. आयुष्यात पहिल्यांदाच तो त्या उताराच्या तोंडावर नुसता उभा होता.

"काय दिसतंय?" वस्तादांनी विचारलं.

"रस्ता."

"आन्?"

"वळण."

"आन्?"

"कठडा… नवा चुना मारलाय."

"त्याच्या पलीकडं?"

तिकडं त्यानं इतके महिने बघितलं नव्हतं. या वाटेनं यायचं झालं तरी मान खाली घालून जायचा. आता पळायला जागा नव्हती. त्यानं बघितलं. खाली दरी, करवंदीची जाळी, ओढा, ओढ्याच्या पलीकडं धनगरवाडा. शेवटचं पत्र्याचं घर. त्याच्यावर धुराची एक बारीक रेघ.

"आमचं घर दिसतंय."

"सिदू हितं आला की आधी तेच बघायचा."

धुळानं मान वळवली.

"त्या दिवशी?"

"त्या दिवशी बी."

वस्ताद दगडावरनं दरीकडं बघत बोलत होते. आवाज नेहमीचाच होता, फक्त शब्द लांब लांब पडत होते.

"मी म्हणलं, काढ पायातनं… हसला. म्हणाला, वस्ताद, चूल पेटलीय बघा. चालत गेलो तर भाकरी गार हुईल…"

खालून कुठूनतरी मेंढरांचा आवाज आला.

"म्हंजी," धुळा म्हणाला आणि थांबला. परत म्हणाला, "म्हंजी माजला न्हवता."

वस्तादांनी मळलेली तंबाखू तोंडात टाकली नाही. हात उघडून ती रस्त्यावर सोडून दिली.

धुळा तिथंच उभा राहून रडला. आधी आवाज न करता, मग मोठ्यानं, लहान पोरासारखा. रडताना तो सगळा हलत होता. पायातल्या पट्ट्या मात्र जागच्या जागी होत्या. वस्तादांनी त्याला उगी म्हटलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही. धुराची रेघ आधी जाड झाली, मग विरून गेली, तोवर ते दगडावर बसून राहिले.

मग धुळानं वाकून एक पाय सोडवला. दुसरा सोडवला. स्की खांद्यावर टाकल्या.

शेडकडं परत येताना तो पुढं होता आणि वस्ताद मागं.

आत आल्यावर त्यानं स्की भिंतीला लावल्या. पाना घेऊन मागची दोन्ही चाकं स्वतः सोडवली, फिरवून बसवली. एकेक चाक हातानं फिरवून बघितलं. पुढं. मागं. परत पुढं.

मग तो उठला, खुंटीवरची करवत काढली आणि सिदूच्या दोन्ही काठ्या वस्तादांपुढं धरल्या. खडूच्या रेघा अजून तशाच होत्या.

"कापा," तो म्हणाला.

वस्तादांनी काठ्या घेतल्या. एक काठी पोराच्या शेजारी उभी धरली. ती अजूनही त्याच्या कानाला लागत होती. वस्तादांनी काठीकडं बघितलं, मग त्याच्या ओठांवरच्या कोवळ्या लवेकडं बघितलं…

अंगठ्यानं त्यांनी खडूची रेघ पुसून टाकली. दुसरीही पुसली. दोन्ही काठ्या खुंटीला लावल्या आणि स्वतःच्या आखूड काठ्या त्याच्या हातात दिल्या.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तुला अजून वाढायचंय."