अवटू आणि आयोडीन

“बघितलंत का त्वचाबाई? फुगलीये नुसती, आणि काम म्हणाल तर शून्य,” हृदय हळूच म्हणालं. गळ्यात बसलेल्या अवटूला, म्हणजे थायरॉइड ग्रंथीला, ते ऐकू गेलं आणि ती शरमेनं आणखीच अंग चोरून बसली.

शरीरातली मंडळी एकमेकांशी बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. अवटू आयोडीनपासून संप्रेरक, म्हणजे हार्मोन, बनवी आणि त्यावर सगळ्यांच्या कामाचा वेग ठरे. पण शरीराच्या मालकिणीनं कुणाचं तरी ऐकून नेहमीचं आयोडीनयुक्त मीठ सोडलं, सैंधव आणलं आणि आयोडीन येईनासं झालं. मागायचं कसं? बाकीच्यांना तर त्याच ताटातलं पुरत होतं. अवटू गप्प राहिली.

संप्रेरक कमी पडलं, की मेंदूखालची पीयूषिका, म्हणजे पिट्युटरी ग्रंथी, ओरडे, “अगं, आटप!” रोज जरा वरच्या आवाजात. अवटू राबून राबून सुजली, पण संप्रेरक काही वाढेना. त्वचा कोरडी पडली, हृदयाचे ठोके मंदावले.

एके सकाळी मालकीण चार पायऱ्या चढताच हृदय म्हणालं, “आता नाही हो रेटवत.” टोमणे मारणारा तो आवाज इतका बारीक झालेला ऐकून अवटूला आपल्या गप्प बसण्याचीच लाज वाटली.

“पीयूषिकाबाई,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “कितीही मोठ्यानं हाका मारल्यात, तरी आयोडीनशिवाय माझ्याच्यानं काही होणार नाही. मागायला लाजले, चुकलंच माझं. पण तुम्हीही कुणी विचारलं नाहीत.”