चिमाआत्याची सून

खूप जुन्या काळातली ही गोष्ट आहे, मुलांनो. शेजारी बसून कुणी मोठं माणूस ती ऐकत असेल, तर ती त्याच्यासाठीही आहे.

तेव्हा एका नदीच्या दोन काठांवर दोन राजे राज्य करत होते. अल्याडचे लोक आईला आई म्हणत, पल्याडचे माय म्हणत. आणखी दहा-पाच शब्द वेगळे असतील, बाकी बोलणं तेच. पण राजांचं बिनसलं, आणि दोन्ही काठांवरची तरणी माणसं भाले घेऊन एकमेकांवर धावून गेली.

अल्याडच्या एका गावात चिमाआत्या राहायची. सगळं गावच तिला आत्या म्हणायचं. तिचा नवरा फार लवकर गेला होता. केरबा हा एकुलता एक मुलगा. तो फौजेत गेला आणि शिमग्याच्या आदल्या दिवशी नदीच्या उतारावर, पाणी कमी असतं त्या जागी, मारला गेला. त्याचं लग्नही व्हायचं होतं. तेव्हापासून आत्या कामापुरतं बोलायची.

पुढच्या सुगीत, ज्वारीची मळणी चालू असताना, एका सकाळी नदीकडून माणसं येताना दिसली. बारा जण होते. पायांना फोड आलेले, अंगावर राख. पुढे एक म्हातारा हात जोडून चालत होता.

"आम्ही पल्याडचे," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? तुमच्या राजाच्या फौजेनं आमचं गाव तिन्ही बाजूंनी पेटवलं. चौथ्या बाजूला नदी होती, म्हणून इकडं आलो. स्वार मागावर आहेत."

पाटलांनी नदीकडे पाहिलं. लांबवर धूळ उठलेली होती. राजाचा हुकूम सगळ्यांना माहीत होता. पल्याडचं माणूस जिथे सापडेल, तिथे त्या माणसाला धरायचं आणि आसरा देणाऱ्याचं घर जाळायचं. लढाईच्या आधी लग्न होऊन अल्याडला आलेल्या सुनांना तेवढी सूट होती.

लपायला जागा कुठे होती? रान कापून मोकळं झालेलं, आसपास झाडी नाही. पाटील म्हणाले, "लपवता येणार नाही. मग आपल्यातच मिसळून टाकू. एकेकानं एकेकाला आपल्या घरचं म्हणा. कपडे बदला. आणि पाहुण्यांनो, तोंडातून शब्द काढू नका. बोललात की कळेल."

"मला यात धरू नका," चिमाआत्या म्हणाली. "यांच्याच भाल्यानं माझा केरबा गेला."

कुणी तिला आग्रह केला नाही. ती पाठ फिरवून आपल्या खळ्यावर निघून गेली.

लोकांनी भराभर माणसं वाटून घेतली. लोहारानं म्हाताऱ्याला भात्यापाशी बसवलं. तेलिणीनं दोघी बहिणींना आपली लुगडी नेसवली. अशी दहा माणसं घरोघर गेली. उरल्या दोघी, गिरजा नावाची एक बाई आणि तिची पाच वर्षांची तुळी. त्यांना न्यायला कुणी पुढे होईना. लोक दुष्ट नव्हते. पण लहान पोर, बोललं म्हणजे? ज्याच्या त्याच्या घरात त्याचीही पोरं होती.

तोवर टापा ऐकू येऊ लागल्या. गिरजा पोरीला उचलून वाट दिसेल तिकडे पळाली आणि नेमकी आत्याच्या खळ्यावर, कडब्याच्या आडोशाला बसली.

आत्यानं पाहिलं, पण ती तशीच सुपानं ज्वारी उपणत राहिली.

इतक्यात तुळीला रडू फुटलं. गिरजानं तिच्या तोंडावर हात दाबला. रडं थांबेना तसा तिनं आणखी जोर केला. पोरीचे डोळे मोठे झाले, पाय झाडू लागले. गिरजा स्वतः रडत होती, पण हात काढत नव्हती.

आत्याच्या हातातलं सूप खाली पडलं. ती धावत गेली आणि तिनं तो हात ओढून काढला.

"सोड! गुदमरून मरेल पोर!"

"नाही दाबलं तर ते मारतील," गिरजा कुजबुजली.

आत्या क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं आपल्या डोक्यावरचं फडकं गिरजाच्या डोक्याला बांधलं आणि सूप तिच्या हातात दिलं. "उपण. मान वर करू नकोस."

स्वार गावात शिरले. सरदार घोड्यावरून एकेकाकडे बोट दाखवत होता. "हा कोण?" "माझा मेहुणा." "ही?" "चुलत जाऊ." असं करत करत तो खळ्यावर आला. ऊन डोक्यावर होतं. वाऱ्यानं भुसा उडत होता. तुळीच्या डोळ्यात कण गेला आणि ती ओरडली, "माय!"

गिरजाचं सूप जागच्या जागी थांबलं.

"माय?" सरदार घोड्यावरून उतरला. "अल्याडचं पोर माय कधीपासून म्हणायला लागलं?"

"माझी सून पल्याडची आहे," आत्या म्हणाली. "लढाईच्या आधी आणलेली. आईनं शिकवलं तेच पोर बोलणार."

"मुलगा कुठं आहे?"

"तुमच्याच फौजेत होता. केरबा त्याचं नाव. उतारावर गेला."

सरदार गिरजाकडे वळला. "तुझ्या नवऱ्याचं नाव तू सांग." गिरजानं मान आणखी खाली घातली. आत्या पटकन म्हणाली, "सासूसमोर बाई नवऱ्याचं नाव घेईल का, सरदार?"

"मग पोरगी सांगेल." तो तुळीसमोर उकिडवा बसला. "तुझा बाप कुठं आहे गं?"

 पोरीला काहीच पढवलेलं नव्हतं.

तुळी डोळा चोळत म्हणाली, "बा लढाईला गेला. मग आलाच नाही."

सरदार उठून उभा राहिला. पण त्याची खात्री पटली नव्हती. मागे वळून तो म्हणाला, "केरबाला ओळखणारं कुणी आहे?"

एक उंच स्वार पुढे आला. "मी त्याच्या शेजारी लढलो."

आत्याला कळून चुकलं, आता संपलं. हा केरबाच्या शेजारी लढला असेल, तर केरबा बिनलग्नाचा होता हेही याला ठाऊक असणार. तिनं तुळीला जवळ ओढलं.

स्वारानं आत्याकडे पाहिलं. मग तिच्या लुगड्याला धरून उभ्या असलेल्या पोरीकडे पाहिलं.

"होय," तो म्हणाला. "पोरीचं फार बोलायचा."

सरदार घोड्यावर चढला. जाताना त्यांनी खळ्यावरची अर्धी ज्वारी पोत्यांत भरून नेली. गाव त्या धान्याकडे बघतही नव्हतं. तो उंच स्वार मात्र मागे राहिला. वाकून आत्याच्या पाया पडला आणि हळूच म्हणाला, "तुमची आठवण काढायचा. हे खरं सांगतोय."

धूळ खाली बसल्यावर गिरजा खळ्यावरच टेकली. मग ती म्हणाली, "आत्या, माझा नवराही त्याच उतारावर होता. कुणास ठाऊक, त्याच्याच हातून तुमचा केरबा..."

"ते मघाशीच माझ्या मनात आलं होतं," आत्या म्हणाली. "केरबाच्या हातून तुझाही गेला असेल. विचारायचं कुणाला? ऊठ, पोर उपाशी आहे."

त्या वर्षी गावाला ज्वारी पुरली नाही. पण पल्याडच्या बारा जणांसकट सगळ्यांनी निम्म्या भाकरीवर दिवस काढले.

दोन वर्षांनी राजे थकले आणि तह झाला. पाहुणे गावाच्या गळ्यात पडून आपल्या काठाला परत गेले. गिरजानंही गाठोडं बांधलं, पण उंबऱ्यात घुटमळली. तिकडे तिचं घर उरलं नव्हतं.

"आत्या, मी राहिले तर चालेल का?"

आत्या चुलीपुढून उठलीही नाही. "भर खळ्यावर मी तुला सून म्हटलंय. ते खोटं ठरवायला निघालीस का? ठेव ते गाठोडं."

गिरजा राहिली. अल्याडच्या त्या एका घरात तुळी पुढेही माय अशीच हाक मारायची, आणि म्हाताऱ्या चिमाआत्यालाही ती हाक सवयीची झाली.

मुलांनो, जे दुःख आपल्या वाट्याला आलं, ते दुसऱ्याच्या वाट्याला येऊ न देणं, याहून मोठं काम माणसाच्या हातून होत नाही.